न्या. गजेंद्रगडकर : युद्धकाळात उघडे राहिलेले दार

हिंगोली शहराच्या इतिहासात छावणीचे स्थान मोठे आहे. १८०० साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. युद्धाचा प्रसंग आला तर निजामाने आपले ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे, असे त्यात ठरले होते. युद्धाचा प्रसंग आला तर, एवढीच ती अट होती. पुढे रेसिडेंटांच्या दडपणाखाली तिच्याच आधाराने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक कायमची फौज उभी राहिली. तिला हैदराबाद कंटिन्जंट हे नाव पडले आणि तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीत पडली. १८१८ साली पेशवाई बुडाली, दख्खनमधील मोठी युद्धे संपली. फौज मात्र संपली नाही. तिचा खर्च निजामाच्या माथी राहिला, कर्ज चढत गेले आणि १८५३ च्या तहाने हिंगोलीच्या शेजारचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन मूळ तहात नाही, हे खुद्द लॉर्ड डलहौसीलाही मान्य होते. तरी वऱ्हाड गेलाच.

युद्धाच्या नावाने दिलेला अधिकार किती दूर जाऊ शकतो आणि किती काळ टिकू शकतो, हाच प्रश्न स्वतंत्र भारतापुढे १९६२ साली निराळ्या रूपात उभा राहिला. या वेळी अधिकार राष्ट्रपतींचा होता आणि पणाला लागले होते नागरिकांचे स्वातंत्र्य. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या वतीने त्याचे उत्तर लिहिले ते न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. कामगारविषयक निवाडे, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, सामाजिक सुधारणांचा कैवार यांसाठी त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. मखनसिंग खटल्याच्या निकालाची आठवण मात्र वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारशी राहिलेली नाही.

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्याचा. घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे, शास्त्री-पंडितांचे. वडील बाळाचार्य संस्कृतचे नामांकित विद्वान. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. साताऱ्यातील शालेय शिक्षणानंतर प्रल्हाद धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात आणि तेथून पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले. १९२४ साली ते एम. ए. झाले, १९२६ साली पुण्याच्या विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिलीस प्रारंभ केला. हिंदू कायदा हे त्यांचे खास क्षेत्र. दत्तकविधानावरील ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. शास्त्राचे वचन घ्यायचे, त्यातील प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारायचा आणि शब्दाने जेवढे दिले तेवढेच स्वीकारायचे, ही मीमांसकांची शिस्त घरातूनच आलेली होती. पुढे राष्ट्रपतींचा आदेश वाचतानाही ती त्यांच्या उपयोगी पडली, असे मला वाटते.

१९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि जानेवारी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्याविषयीच्या आयोगाचे काम त्यांनी केले. दिल्लीत गेल्यावर बोनस, बडतर्फी, कामगारांचे संघटनस्वातंत्र्य या विषयांवरील त्यांच्या निकालांनी औद्योगिक कायद्याचा पाया घातला. मालक आणि मजूर यांच्यातील करार समान पातळीवर होत नाही, म्हणून कायद्याने दुबळ्याच्या बाजूने उभे राहावे, ही त्यांची भूमिका होती. ती अनेक उद्योगपतींना रुचली नाही. असो. या न्यायाधीशाला सरकारविरोधी म्हणावे असे काहीच त्यांच्या कारकिर्दीत नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. नेहरूयुगातील नियोजन, समाजवादी धोरण, कल्याणकारी राज्य यांवर त्यांची श्रद्धा होती. सरकारकडे ते संशयाने पाहत नसत.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने नेफा आणि लडाखमध्ये आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी घटनेच्या ३५२ व्या कलमान्वये आणीबाणी पुकारली. त्याच दिवशी भारत संरक्षण अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींनी ३५९ व्या कलमाखाली आदेश काढला. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम २१ व अटकेसंबंधीचे कलम २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क त्याने आणीबाणीपुरता स्थगित केला; काही दिवसांतच समतेच्या कलम १४ ची त्यात भर पडली. राष्ट्रपतींचा अधिकार असे आपण म्हणतो तेव्हा तो व्यवहारात मंत्रिमंडळाचा असतो, हे वाचकांना सांगायला नको. राष्ट्रपतींची सही, मंत्रिमंडळाचा सल्ला आणि प्रत्यक्ष अटकेचा हुकूम काढणारा कोणीतरी राज्य सरकारचा सचिव किंवा जिल्हाधिकारी, अशी ती साखळी होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. निजामी राजवटीतील विनाचौकशी तुरुंगवास तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांनी भोगला, त्याला जेमतेम चौदा वर्षे झाली होती. आता त्याच गावाला राज्यघटनेच्या छत्राखाली हा नवा नियम लागू झाला होता.

नोव्हेंबर १९६२ मध्ये देशभर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली. महाराष्ट्रातही अनेकांना भारत संरक्षण नियमांच्या ३० व्या नियमाखाली स्थानबद्ध करण्यात आले. आरोपपत्र नाही, खटला नाही. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. स्थानबद्ध मात्र तुरुंगातच राहिले. त्यांनी उच्च न्यायालयांत धाव घेतली. राष्ट्रपतींच्या आदेशामुळे आम्ही हा अर्ज ऐकूच शकत नाही, असे पंजाब आणि मुंबईच्या उच्च न्यायालयांनी सांगितले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निराळे मत दिले. पंजाब आणि महाराष्ट्रातील अपिले सात न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे एकत्र आली. स्थानबद्धांच्या वतीने युक्तिवाद केला तो नुकतेच अॅटर्नी जनरल पदावरून निवृत्त झालेल्या मोतीलाल सेटलवाड यांनी.

सेटलवाडांचा मुख्य मुद्दा बिनतोड वाटणारा होता. राष्ट्रपतींनी स्थगित केला तो मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क. पण बेकायदा कैदेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असे सांगण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४९१ व्या कलमानेही दिला होता आणि हे कलम राज्यघटनेहून जुने होते. राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेचे दार बंद झाले असेल. या जुन्या दारावर तर आदेशात एक शब्दही नव्हता.

२ सप्टेंबर १९६३ रोजी निकाल लागला. गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने सेटलवाडांचा हा मुद्दा फेटाळला. अर्जाचे नाव आणि कलम पाहू नका, त्यात मागितले काय आहे ते पाहा, असा त्यांचा रोख होता. स्थगित झालेल्या मूलभूत हक्काचीच अंमलबजावणी दुसऱ्या कलमाच्या वेष्टनातून मागितली असेल, तर आदेश तिलाही आडवा येतो. न्या. सुब्बा राव एकटे वेगळे पडले. ४९१ वे कलम जिवंत आहे, असे त्यांनी ठामपणे लिहिले.

निकाल इथेच संपला असता तर गजेंद्रगडकरांचे नाव या प्रकरणात आज कोणी आदराने घेतले नसते. पण यानंतर त्यांनी मीमांसकाच्या पद्धतीने आदेशाचे शब्द वाचावयास घेतले. आदेशात ज्या हक्कांचा उल्लेख नाही, त्यांच्यासाठी न्यायालय खुलेच आहे. आदेशाचा लाभ सरकारला केव्हा मिळणार? भारत संरक्षण कायद्याखाली आणि त्यानुसार कोणाला कैद केले असेल तेव्हाच. आदेशाची भाषाच तशी होती. मग त्या कायद्याने घातलेल्या सक्तीच्या अटी न पाळता कोणाला डांबले असेल, तर ती कैद कायद्याखालची नव्हेच आणि राष्ट्रपतींचा आदेश तिचे रक्षण करू शकत नाही. हुकूम आकसापोटी, कायद्याच्या हेतूशी संबंध नसलेल्या कारणासाठी काढला असेल, तर तोही तपासता येईल. अर्थात ते सिद्ध करण्याची जबाबदारी कैद्याची आणि ती जड आहे. संसदेने आपले काम मर्यादेबाहेर सरकारच्या हाती सोपवले आहे, अशी तक्रारही मांडता येईल. या खटल्यात ती मांडली गेली आणि फेटाळली गेली, पण ऐकली गेली.

आणीबाणी किती काळ चालू ठेवावी, हा प्रश्न मात्र त्यांनी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला. परिस्थितीची जाण सरकारला असते, ते संसदेला उत्तरदायी असते आणि अधिकाराच्या गैरवापराला अखेरचा आळा जागरूक, बोलक्या लोकमतानेच बसू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा भाग मला निकालातील सर्वांत दुबळा वाटतो. ज्यांनी बोलायचे तेच तुरुंगात असतील तर लोकमत बोलके राहणार कसे, याचे उत्तर त्यात नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात लिव्हरसिज खटल्यात लॉर्ड अॅटकिन यांनी एकट्याने सरकारला जाब विचारला होता. तिथे तर लिखित घटनाही नव्हती. अमेरिकेत अब्राहम लिंकन यांनी यादवी युद्धात हेबिअस कॉर्पस स्थगित केले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिलिगन खटल्यात नागरिकांवरील लष्करी न्यायासनांना मर्यादा घातली, ती १८६६ साली, युद्ध संपल्यावर. गजेंद्रगडकरांच्या बाजूने बोलायचे तर एवढे म्हणता येईल की आपल्या घटनाकारांनी ३५९ वे कलम डोळसपणे लिहिले होते. ते कलम नाहीच असे समजून निकाल देणे त्यांना शक्य नव्हते.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी ते सरन्यायाधीश झाले, १५ मार्च १९६६ रोजी निवृत्त झाले. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. म्हणजे त्यांची सरन्यायाधीशपदाची सारी कारकीर्द आणीबाणीतच गेली. मधल्या काळात उत्तर प्रदेशची विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यात केशव सिंग प्रकरणावरून न भूतो असा झगडा पेटला. न्यायाधीशांना विधानसभेपुढे हजर करण्याचा ठराव झाला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला आणि भारतात विधिमंडळ नव्हे तर राज्यघटना श्रेष्ठ आहे, असे मत सप्टेंबर १९६४ मध्ये गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने दिले. जानेवारी १९६६ मध्ये अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिरात दलितांना प्रवेशाचा हक्क आहे, हा निकाल देताना आचार्यांच्या घरातील या न्यायाधीशाने हिंदू धर्माचे जे विवेचन केले, ते आजही वारंवार आधाराला घेतले जाते.

मखनसिंग निकालाने उघड्या ठेवलेल्या दारातून कोणी बाहेर आले का? आले, आणि त्यांतील एक प्रकरण खास मराठी आहे. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली. महाराष्ट्र सरकारने नाकारली. अणूच्या रचनेवरील पुस्तकाने भारताच्या संरक्षणाला धोका कसा पोचणार, हे सरकारला सांगता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला तेव्हा सरकार दिल्लीपर्यंत गेले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९६५ रोजी ते अपील फेटाळले. स्थानबद्धांवर कोणती बंधने घालायची याचे नियम ठरलेले आहेत. त्यात नसलेले बंधन घालणे म्हणजे कायद्याबाहेर जाणे आणि तिथे राष्ट्रपतींचा आदेश ढाल होऊ शकत नाही. निकाल लिहिला होता न्या. सुब्बा राव यांनी, दोन वर्षांपूर्वीच्या निकालात गजेंद्रगडकरांशी असहमत झालेल्या न्यायाधीशाने. ६ सप्टेंबर ही तारीखही लक्षणीय आहे. त्याच दिवशी भारतीय सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाले होते.

त्याच महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया यांची सुटका झाली. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना डांबताना हुकमात कायदा आणि सुव्यवस्था असे कारण लिहिले होते. नियमात शब्द होता सार्वजनिक सुव्यवस्था. साधी मारामारीही कायदा व सुव्यवस्थेचा भंग असते, पण तेवढ्याने सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येत नाही, असा भेद न्यायालयाने केला. कोणाला ही शब्दांची कसरत वाटेल. कैदेतील माणसाला मात्र शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो.

निवृत्तीला महिना राहिला असताना गजेंद्रगडकरांपुढे केरळमधील एका रॉकेल व्यापाऱ्याची याचिका आली. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्याला भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले होते. एका पोलीस अधिकाऱ्याने आपल्या नातलगांना रॉकेलची एजन्सी मिळावी म्हणून खोटा अहवाल दिला, असा त्याचा आरोप होता. त्या अधिकाऱ्याने आरोप नाकारणारे प्रतिज्ञापत्रसुद्धा दाखल केले नाही. सरकारचे उत्तरही निष्काळजीपणाचे होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये गजेंद्रगडकरांनी त्याची सुटका केली. निकालात त्यांनी स्पष्ट इशारा दिला की अनिर्बंध अधिकार दीर्घकाळ वापरायला मिळाले की अधिकाऱ्यांची संवेदना बोथट होते आणि नागरिकाच्या स्वातंत्र्याचे मोल त्यांना वाटेनासे होते. तीन वर्षांपूर्वी सरकारच्या जाणिवेवर भिस्त ठेवणारा न्यायाधीश येथे काहीसा बदललेला दिसतो. चीनशी युद्ध कधीच थांबले होते, पाकिस्तानशीही जानेवारीत ताश्कंदचा करार झाला होता, आणि आणीबाणीच्या अधिकाराने रॉकेलच्या व्यापारातील हिशेब चुकते केले जात होते.

निवृत्तीनंतर ते १९७१ पर्यंत मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय कामगार आयोगाचा अहवाल १९६९ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली सादर झाला. १९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ साली पद्मविभूषण हा किताब मिळाला. या पदांविषयी येथे अधिक लिहीत नाही, कारण आपल्या विषयाचा पुढचा अंक न्यायालयात घडला आणि त्यात गजेंद्रगडकर नव्हते; होता तो त्यांचा निकाल.

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी युद्ध दोन आठवड्यांत संपूनही उठली नव्हती. जून १९७५ मध्ये अंतर्गत अशांततेच्या कारणाने तीवर दुसरी आणीबाणी चढली. २७ जून १९७५ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी ३५९ व्या कलमाखाली काढलेल्या आदेशात एक बदल होता. विशिष्ट कायद्याखाली कैद केले असेल तर, ही १९६२ च्या आदेशातील अट आता नव्हती. गजेंद्रगडकरांनी ज्या शब्दांच्या फटीतून कैद्याला वाट करून दिली होती, ते शब्दच वगळले गेले होते. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात असे म्हटले; त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती सर्व दारे बंद केली. हुकूम बेकायदा असो वा आकसाचा, कैद्याला दाद मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाला ठार केले तरी आणीबाणीत उपाय नाही, हे सुनावणीत सरकारच्या वकिलांना मान्य करावे लागले होते. मखनसिंग निकाल बहुमताने वेगळा काढला, कारण आदेशाची भाषा बदलली आहे. त्या चौघांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. गजेंद्रगडकर ज्या पुण्याच्या विधी महाविद्यालयात शिकले, तिथेच चंद्रचूडही शिकले होते. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला आणि सरन्यायाधीशपद गमावले. एका शब्दावर उभे असलेले संरक्षण शब्द बदलताच कसे कोसळते, हे या निकालाने दाखवले. १९६३ च्या निकालाचा दोष कोठे होता, हे पाहायचे तर तो इथे दिसतो. सुब्बा राव यांनी दाखवलेले ४९१ वे कलमही तोवर राहिले नव्हते. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते वगळले गेले होते.

दोन्ही आणीबाण्या मार्च १९७७ मध्ये उठल्या. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अंतर्गत अशांतता हे कारण काढून सशस्त्र बंड हे शब्द आणले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये असे ठरवले आणि कलम २० व २१ हे ३५९ व्या कलमाच्या कक्षेबाहेर काढले. आणीबाणीशी संबंध असल्याचा उल्लेख ज्या कायद्यात आहे, त्या कायद्याखालच्या कृतीलाच यापुढे संरक्षण मिळावे, अशी अटही घातली. १९६३ साली न्यायाधीशाने आदेशाच्या शब्दांतून काढलेली मर्यादा अशा रीतीने घटनेच्या मजकुरात गेली.

१२ जून १९८१ रोजी मुंबईत गजेंद्रगडकरांचे निधन झाले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्दबातल ठरवला. तसे लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड होते, यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.